वायली चूल

"पटवाऱ्याले आन, मालन. माहं तोंड चालू हाय तोवर आन." सकाळपासून उद्धवराव एवढंच म्हनून राह्यले होते. पोट फुगून नगारा झालं होतं, पान्याचा घोटबी टिकत नव्हता. मालनआत्यानं नवऱ्याचे पाय सोडले आन धावली. पटवारी जमाबंदीसाठी आदिलाबादले गेलेला, सांजले येते म्हने. सांज कुठली. दुपारीच उद्धवरावाचे डोळे फिरले.

त्यायले काय सांगाचं होतं, ते आत्याले ठाव होतं. सहा वर्सं झाली, धाकटे भाऊ वामनराव वायले निंघाले होते, चूल येगळी मांडली होती. वाटनी पंचायसमोर तोंडी झाली. भावाभावात कागद कायचा, असं उद्धवरावच म्हनले होते; आता तेच पटवाऱ्याच्या कागदावर चढवाचं होतं. लेकरू नाही. निजामाच्या राजात तवा असं होतं, भावायच्या चुली वायल्या असल्या तं नवऱ्याचं वावर बायको जिती हाय तोवर तिचं. चूल एक असली तं वावर दिराचं, बाईले नुसतं अन्नवस्त्र. पैनगंगेच्या काठचं काळं वावर होतं ते, आत्यानं सोता निंदलेलं.

सुतकात घरची चूल पेटत नाही, भाऊबंदाकडून भाकर येते. ती वामनरावाच्याच घरून आली. जाऊ रेणुकाबाई दोन्ही वखत ताट आने, आत्यानं घास घेतल्याबिगर उठत नसे. ती माया खोटी नव्हती, असं आत्या मरेपर्यंत म्हने.

नवव्या दिवशी तहसिलीचा गिरदावर विरासतीची, म्हंजे मेल्या मानसाचं वावर कोनाच्या नावानं चढवाचं त्याची, चौकशी कराले आला. सुतक फिटाच्या आंधी काऊन आला, ते वामनरावालेच ठाव. तो अंगनात खाटेवर बसला, आत्या दाराआड. वामनराव म्हनले, आमी एकातच हाव साहेब, वयनीलेच पुसा. गिरदावर उर्दूत पुसे, पटवारी मराठीत सांगे.

"बाई, जेवता कोनाच्या घरचं?"

"दिराच्या घरचं."

"तुमच्या घरी चूल पेटते?"

"नाही जी. पन सुतक हाय ना…"

पटवाऱ्यानं उर्दूत कितीक सांगतलं, देव जाने. गिरदावर लिवतच होता. वाटनीचे पंच धोंडीबा तिथंच बसले होते. आत्या दाराआडून म्हनली, "दाजी, तुमी तं सांगा."

"मेल्या मानसाच्या दारात भांडन नको, पोरी. मागून पाहू," धोंडीबा म्हनले.

कागद आत आला. चौकशीचा कागद हाय म्हनले, आत्यानं अंगठा देल्ला.

विरासत वामनरावाच्या नावानं मंजूर झाली. आत्या दोनदा पायी आदिलाबादले गेली. मुनशी तोच अंगठा दाखवे. बाई, बयान तं तुमचंच हाय, म्हने. धोंडीबा मंग घरी सापडलेच नाही.

कापूस वेचाच्या दिवसात वामनरावाचा गडी आत्याच्या गोठ्यातले बैल सोडाले आला; वावरासंगं बैलबी आता त्यायचेच. एक निंघाला. दुसरा बसला तो उठेच ना. गड्यानं काठी उगारली. आत्या भाईर आली, मारू नको म्हनली. बैलाच्या पाठीवर हात फिरवून त्याले उठवलं, कासरा धरला, आन सोताच चालवत नेऊन दिराच्या गोठ्यात बांधला.