चौदा पावलांची जाळी

मार्चचा दुसरा शनिवार. हजर: मी, माझा नवरा (गाडी चालवायला), शेजारच्या फ्लॅटमधल्या वहिनी (मूळच्या लातूरकडच्या, समुद्र बघायला), पिंपरीतले ताडपत्रीवाले चाचा (दाभण आणि नायलॉनच्या दोऱ्यासह). पोहोचल्यावर भेटले: माझे दादा (थोरले भाऊ). सामान: हिरवी शेडनेट एक गठ्ठा, काथ्याची सुंभं, वाळूत खुपसायचा थर्मामीटर, मोजायची टेप, डबे, पाण्याचा कॅन.

वहीत एवढं लिहिलं आणि सकाळी सहाला आम्ही चिंचवड सोडलं.

कारण असं. माझे दादा समुद्रकाठच्या आमच्या गावीच राहतात आणि नोव्हेंबरपासून किनाऱ्यावर कासवांची अंडी राखतात. मादी वाळूत अंडी घालून समुद्रात परत जाते. मागे कुत्री आणि कोल्हे टपलेले असतात. म्हणून दादा ती अंडी उचलून कुंपणातल्या खड्ड्यांत जशीच्या तशी पुरतात आणि पिल्लं वर आली की समुद्राकडे सोडतात. कुत्र्यांचा बंदोबस्त दादांना जमला, उन्हाचा जमला नाही. हल्ली माद्या उशिरा येतात आणि ऊन लवकर येतं. गेल्या वर्षी शेवटची घरटी उघडली तेव्हा आतली अंडी वाळूतच शिजली होती. दादांनी हे फोनवर सांगितलं. यंदा परत तेच झालं तर हे काम सोडणार, एवढंच म्हणाले.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. अडचण ऐकली की माझी पहिली प्रतिक्रिया यादी. सावली हवी, म्हणजे शेडनेट. ती शिवणार कोण? चाकणच्या बाजारात येणाऱ्या कांद्याच्या ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे चाचा. आता फक्त माप हवं होतं. दादांना विचारलं.

"लांबी चौदा पावलं, रुंदी नऊ," दादा म्हणाले.

आता इथे मी काय केलं ते स्पष्ट लिहिते. जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या पार्किंगमध्ये टेप पसरली, चौदा पावलं तीनदा चालले, तिन्ही मापांची सरासरी काढली. रुंदीचंही तसंच. शिवणीसाठी कडेला चार बोटं जास्त धरली. चाचांना कागद दिला तेव्हा ते म्हणाले, "ताई, जागेवर कुणी टेप लावली का?" मी म्हणाले, "चाचा, तीन वेळा मोजलंय." त्यांनी कागद खिशात घातला.

दुपारी किनाऱ्यावर पोहोचलो. वहिनींनी समुद्राकडे पाहून "आत्ता गं बया" म्हटलं आणि चप्पल काढली. लगेच परत घातली. वाळू चटके देत होती.

दादांनी बांबू रोवून ठेवले होते. आम्ही जाळी उलगडली, ताणली, एका बाजूनं बांधत आलो. रुंदीतही ती कमी पडली, पण त्या कडांना घरटी नव्हती. दुसऱ्या टोकाला पोहोचलो तर बांबू पुढे आणि जाळी मागे. पश्चिमेची अख्खी ओळ, चार घरटी, उन्हात उघडी. आणि नेमकी तीच सगळ्यात शेवटी पुरलेली. ती एप्रिलपर्यंत तिथेच राहणार होती.

मी टेपकडे पाहिलं, मग दादांच्या पायांकडे. दादा सहा फूट. मी पाच फूट आणि थोडी.

"अगो, पावलं कुणाची धरलीस?" दादांनी विचारलं.

"माझी."

"बरोबर आहे. मोजायला मी, चालायला तू."

चाचांनी तोंडावर रुमाल धरला. नवरा म्हणाला, "हिनं आजवर किती माल परत पाठवलाय, दादा. आज हिलाच परत पाठवा." मी त्या ओळीत थर्मामीटर खुपसला, मग जाळीखाली. फरक डोळ्यांना दिसण्याइतका होता.

"पूर्वी आपण झाप टाकायचो," दादा म्हणाले. "झावळ्या ढीगभर पडल्यात. पण विणणारी सगळी चिंचवडला आणि चाकणला."

"त्यातली एक इथं उभी आहे," मी म्हणाले.

नारळाची झावळी मधोमध चिरायची आणि पाती एकाआड एक ओवायची. लहानपणी दर वर्षी मांडवासाठी विणायचो. पहिलं झाप वाकडं झालं, दुसऱ्याला बोटांना आठवलं. वहिनी पाती सुटी करून देऊ लागल्या. चाचांनी दाभण काढलं आणि झापं एकमेकांना शिवायला घेतली.

विणताना दादा सांगत होते, वाळू तापली की पिल्लांत माद्याच जास्त निघतात. वनखात्याच्या माणसानं सांगितलं.

"मग ह्यांनी नवरे कुठून आणायचे वो?" वहिनी.

"एक माझा घेऊन जा," मी म्हणाले.

"मला पोहता येत नाही," नवरा म्हणाला.

ऊन कललं तेव्हा चारही घरट्यांवर झापांचं छप्पर होतं. पहिल्या ओळीतल्या एका घरट्यावर झाकलेल्या टोपलीखाली वाळू हलत होती. दादांनी टोपली उचलली. काळी, तळहातापेक्षा लहान पिल्लं एकमेकांच्या पाठीवरून चढत होती. आम्ही पाण्यापासून थोडं अलीकडे ती सोडली. चाचा उकिडवे बसून एकाच पिल्लाकडे बघत होते. ते दोनदा उलथं झालं, दोनदा लाटेनं मागे ढकललं, तिसऱ्यांदा गेलं. "गेलं," चाचा म्हणाले आणि उठले.

निघताना माझी टेप मी दादांच्या खिशात घातली.

आज बुधवार. सकाळी दादांचा फोन आला. वाऱ्यानं दोन झापं उडाली. त्यांनी परत बांधली, पण दुपारचा वारा वाढतोय, तेवढ्यानं एप्रिल निघणार नाही. पश्चिमेला जाळीच हवी. शनिवारी झापांवर भागलं म्हणून तिथलं माप मी घेतलंच नव्हतं. चाचांनी उरलेलं कापड बाजूला काढून ठेवलंय, सुईत दोरा ओवलाय. मी दादांना म्हणाले, आत्ता टेप लावा आणि आकडा सांगा.

"भरती आहे गो. कुंपणाकडे जायच्या वाटेवर पाणी आलंय. ओसरली की लावतो."

"अंदाजे सांगू नका."

"अंदाजे दोन पावलं."

वहीतल्या बाकी सगळ्या ओळींवर बरोबरची खूण आहे. ही एक तशीच: पश्चिमेची पट्टी. माप यायचं आहे.