आबांच्या नावाआधी ‘कै.’

परभणी स्टेशनात आबांनी मला गाडीत बसवलं, तेव्हा निम्मं गाव त्यांना हसत होतं. लेकीला शिकायला धाडायचं, तेही एकटीला पुण्याला, निजामाचं राज्य सोडून इंग्रजी मुलखात. आबा खिडकीशी उभे राहून म्हणाले, “लोकं बोलायलेत, बोलू दे. तू शीक. लय शीक.”

गावाकडच्यांनो, तुम्हाला वाटतं मी जातीबाहेर लग्न केलं म्हणून तोंड लपवते. त्याची मला काडीची लाज नाही. लाज दुसरीच आहे, ती आज सांगून टाकते.

ट्रेनिंग कॉलेजात असताना माझं एका मास्तरांशी जमलं. जात वेगळी, म्हणून नोंदणी लग्न करायचं ठरलं. कचेरीतला कारकून म्हणाला, मुलगी एकवीसची नाही, वडिलांची लेखी संमती आणा. आबांना विचारायची माझी छाती झाली नाही. ते नाही म्हणाले असते तर सगळंच मोडलं असतं. पुण्यात माझे मामा छापखान्यात होते, त्यांनी तोड काढली. “वडील वारले म्हणून लिही, पालक म्हणून मी सही करतो. हितं इंग्रज सरकार, तिकडं निजाम. हितला कागद तिकडं कोन नेतंय?” मी दौतीत टाक बुडवला आणि आबांच्या नावाआधी ‘कै.’ लिहिलं. वर टीपकागदानं टिपूनही घेतलं, काय म्हणावं मला.

लग्न झाल्यावर पत्रानं कळवलं. वाटलं, माहेर तुटलं. तर महिन्याभरात आबा दारात हजर, खांद्यावर ज्वारीच्या पिठाचं गाठोडं. जावयाशी शेतीच्या, पाण्याच्या गप्पा मारल्या, पोटभर जेवले. मग म्हणाले, “सरकारनं लावल्यालं लगीन कसं असतंय, दाव बरं कागद.” मी म्हटलं, ट्रंकेत तळाशी आहे, मग दाखवते. “मग कशाला? आमी काय रोज येतावत व्हय?” शेवटी दिला.

आबा बोट ठेवून एकेक अक्षर लावत गेले. स्वतःच्या नावापाशी बोट थांबलं.

“सुतक तरी धरलंस का माझं?”

मी मान हलवली. नाही.

त्यांनी कागद होता तसा घडी करून माझ्या हातात दिला. चप्पल घालताना म्हणाले, “एकडाव इचारायचं की गं. मी सही केली असती.” रागावले असते तर बरं झालं असतं. गावात त्यांनी कुणाला, अगदी आईलाही, हे सांगितलं नाही.

आता आबा खरंच नाहीत. कधीमधी गावी आले की पारावरची माणसं विचारतात, “कुनाची गं तू?” पुण्यात इतकी वर्षं काढली, असं कुणी विचारत नाही. माझं घर म्हणजे तेवढा प्रश्न उरलाय. मी आबांचं नुसतं नाव सांगते. कैलासवासी म्हणत नाही. ते मी त्यांच्या हयातीतच म्हणून बसले आहे.