भाऊंनी उसवायला लावलेल्या गोधड्या

श्री. दत्तात्रय शेवाळे, म्हणजे आमचे भाऊ, यांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या गौरवग्रंथात मीही लिहायचं असं मंडळाच्या मुलींनी ठरवून टाकलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. तरी हौसेनं लिहिते आहे, चुका नात काढून देईल.

भाऊंची माझी पहिली भेट आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात झाली. ते सेवा मंडळासाठी जुन्या सुती साड्या गोळा करत होते. मी म्हटलं, "माहेर येवल्याचं आहे, पण पैठण्या मिळायच्या नाहीत हं! आमच्या घरी कांदे होते, माग नव्हता." त्यावर भाऊंनी एवढंच विचारलं, "ताई, गोधडी शिवता येते का?" येते म्हटल्यावर तिथंच पायरीवर बसून त्यांनी सभासदाचा फॉर्म काढला. 'शिक्षण' लिहायची जागा आली आणि मी पायरीवरची धूळ झाडू लागले. भाऊंनी तो शब्द खोडून वर लिहिलं, 'काय येतं?' आजही मंडळाचा फॉर्म तसाच छापतात.

आमच्या मंडळात पाचवीतल्या पोरांपासून ऐंशीच्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळे आहेत. भाऊंची नोकरी ओझरला विमानाच्या कारखान्यात झाली, त्यामुळे शिस्त कडक. शनिवारी चार म्हणजे चार. पण आम्हा म्हाताऱ्या बायकांना नजरेमुळे सुईत दोरा ओवता येत नाही, हे कुणी न सांगता त्यांच्या लक्षात आलं. पोरांनी आधी दहा-दहा सुया ओवून उशीला टोचायच्या, मगच खेळायला पळायचं, असा नियम त्यांनी केला. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा ओवलेल्या सुयांचं पाकीट घेऊन ते घरी आले. सुनेला म्हणाले, "पंधरा दिवस यांच्या हाती लागू देऊ नका. मग द्या." लोक आजाऱ्याला फळं आणतात, भाऊ सुया आणतात!

पण मुख्य सांगायचं आहे ते पेठच्या गोधड्यांचं. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर नव्या बाळंतिणींना बाळासाठी गोधड्या द्यायचं ठरलं. तिकडं पावसाळ्यात गारवा फार, म्हणून भाऊंनी माप दिलं: सहा पदर, कडेला दुहेरी टाके. आम्ही चाळीस शिवल्या. इतक्या देखण्या झाल्या, की कार्यक्रमाच्या पत्रिका छापल्या, पाहुणे ठरले.

मला मात्र पहिल्या गोधडीपासून कळत होतं. तान्हं बाळ दिवसातून दहा वेळा ओलं करतं. त्याला दोन-तीन पदरी दुपटं लागतं, धुतलं की वाळणारं. पेठच्या पावसात सहा पदर वाळायचे कधी? आणि ओल्यात बाळ निजलं की छाती भरलीच म्हणून समजा. एवढं कळूनही मी अकरा गोधड्या शिवल्या. विमानाचे भाग मोजून घेणाऱ्या माणसाला आपण काय सांगायचं, असं वाटलं.

पत्रिका वाटून झाल्या आणि गठ्ठे बांधताना मात्र राहवलं नाही. बोलून गेले, "भाऊ, ही तान्ह्याला नको. वाळायची नाही."

आमचे सेक्रेटरी वैतागले. "आजी, आत्ता? महिनाभर तोंडाला टाके घातले होते का?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं.

भाऊंनी एक गोधडी घरी नेली, बादलीत भिजवली, पिळून गॅलरीत टाकली. आषाढ होता. तिसऱ्या दिवशी तीच गोधडी घेऊन बैठकीला आले आणि एकेकाच्या मांडीवर ठेवत गेले. ओलसर, कुबट वासाची. "हिच्यावर तुम्ही आपलं नातवंड निजवाल?" मग म्हणाले, "माप मी दिलं, चूक माझी. कार्यक्रम रद्द."

"अहो भाऊ, पाहुण्यांना काय सांगू?" सेक्रेटरी म्हणाले.

"खरं ते सांगा. आणि सवड असेल तर उसवायला या म्हणावं."

पाहुणे काही आले नाहीत. बाकी सगळे आलो. पहिला टाका भाऊंनी स्वतः उसवला. उसवायला शिवण्यापेक्षा जास्त जीव लागतो, ते ज्यांनी केलं त्यांनाच ठाऊक. एकेका गोधडीची दोन-दोन दुपटी झाली आणि हार-तुऱ्यांशिवाय पाड्यावर पोचली.

दिलेली वस्तू वापरात आहे का, हे जाऊन पाहायचं, असा भाऊंचा दंडक. श्रावणात आम्ही गेलो. एका घरात चुलीवरच्या दोरीवर आमचं दुपटं होतं. भाऊंनी हात लावून पाहिला.

"कधी धुतलं, ताई?"

"सकाळी. सुकलं बी," बाळंतीण म्हणाली. "दुसरं पोराच्या अंगाखाली हाय."

"माप बरोबर आहे ना?"

ती आधी लाजली. मग म्हणाली, "जरा लांब पाहिजे व्हतं. पाय भायेर राहतात."

भाऊंनी खिशातून वही काढून लिहून घेतलं. त्या दिवसापासून मंडळाची दुपटी तिच्या मापानं होतात, भाऊंच्या नाही.

हल्ली घाटातल्या प्रवासानं भाऊंचे गुडघे कुरकुरतात. ते गुडघे धड राहोत, कान असेच शाबूत राहोत आणि त्यांना निरोगी अशी भरपूर वर्षं मिळोत. आता चूक दिसली की मी त्याच दिवशी बोलते, आणि मला भाऊंशी अजून पुष्कळ बोलायचं आहे.