नर्सबाईंचा सांधा

नर्सबाई सदा रागावलेल्या असत. गळकी बादली दिसली की रागवायच्या, बिजागरीतून निखळलेलं दार दिसलं की रागवायच्या, आणि ते तसंच वापरणारा माणूस समोर सापडला तर त्याची खैर नसे. राजापेठेत आम्ही त्यांच्या शेजारी राहायला गेलो त्या दिवशी आमचं सामान अजून बैलांच्या दमणीतून उतरत होतं. बाई कुंपणापाशी आल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "बादली गळून राहिली, अन् तुमी पाहून राहिल्या!" बादली उचलून घेऊन गेल्या. तासाभराने बुडाला कथलाचा डाख लावून आणली आणि ओट्यावर आदळली. एकमेकांची नावं विचारायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

सरकारी जनाना दवाखान्यात त्या नर्स होत्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, नवरा फार लवकर गेलेला, मूलबाळ नाही. दवाखान्यात पाणी उकळायच्या मोठ्या भांड्याची तोटी गळायची. बाईंनी अर्ज केला. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला आणि पाणी गळत राहिलं. शेवटी एका रविवारी भांडं उचलून त्या गल्लीतल्या कल्हईवाल्याकडे गेल्या आणि "मले शिकव" म्हणून त्याच्यासमोर बसल्या. डाख तिथं शिकल्या. पुढे मोटार दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीकडून गॅसच्या आगीने लोखंड सांधायची झाळ शिकल्या. त्याच्या बायकोची दोन्ही बाळंतपणं बाईंनीच केली होती, त्यामुळे त्याला नाही म्हणायची सोय नव्हती.

परसातल्या जुन्या गोठ्यात त्यांनी आपलं सामान मांडलं होतं. एका पिंपात कार्बाइडचे खडे आणि पाणी. त्यातून निघणाऱ्या गॅसचा लसणीसारखा उग्र वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. ऑक्सिजनचा बाटला रेल्वेने यायचा. पदर कमरेला खोचलेला, डोळ्यांवर निळा चष्मा, हातात चामड्याचे मोजे, अशा त्या आगीसमोर बसत. पण आगीपुढे बसणं पाच मिनिटांचं. त्याआधी तासभर कानस चाललेली असे. "आधी साफ करा," त्या म्हणत. "घाणीवर काईच चिकटत नाई. ना टाका, ना डाख."

भेगेवर तर त्यांचा विशेष राग. कोणी फुटलेली वस्तू आणून "इथंच जराशी गेली आहे" म्हणालं, की त्या भेगेवर घासलेट सोडत, पुसून काढत, आणि वरून खडूची पूड चोळत. थोड्या वेळाने पांढऱ्यावर एक ओलसर रेघ उमटे, दिसत होती त्याहून चांगली अर्धा इंच लांब. मग माणसाकडे बघून म्हणत, "दिसते तिथं भेग संपत नाई, भाऊ." त्या रेघेच्या टोकाला छिद्र पाडून तिला तिथं अडवल्याशिवाय पुढचं काम नाही.

लोक हसायचे. अर्ध्या गावाची मुलं या बाईच्या हातावर जन्मलेली, पण गल्लीतून जाताना तीच माणसं "लोहारीणबाई" म्हणून खाकरायची. आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीतही हा विनोद चाले. मीही हसलो आहे.

लढाईची वर्षं होती. विलायतेहून सुटे भाग येणं बंद झालेलं. भर वैशाखात मोर्शीकडच्या एका बड्या बागायतदाराच्या विहिरीवरच्या तेलइंजिनाचं हेड, म्हणजे वरचं ओतीव बिडाचं झाकण, तडकलं. त्या इंजिनाच्या पाण्यावर त्याची संत्र्याची बाग होतीच, शिवाय पाटाच्या खालच्या अंगाला तुळशीराम माळ्यासारख्या चार-पाच जणांची वांगी आणि झेंडूही होते. तुळशीरामच ते जड हेड बैलगाडीत घालून घेऊन आला. "बाई, डोस्कं फुटलं इंजिनाचं. आठ दिसात पानी नाई भेटलं तं आमचं सारं जळते."

बाईंनी ऑक्सिजनच्या बाटल्यावरचा काटा पाहिला. त्यात एका कामापुरताच गॅस उरला होता आणि नवा बाटला कधी येईल याचा नेम नव्हता. "बिडाचं काम हाय," त्या म्हणाल्या. "एकडाव होईन. दुसऱ्यांदा नाई होत."

दोन दिवस त्यांनी भेग छिनीने खोदली, कानशीने उघडी केली. तिसऱ्या दिवशी पहाटे गोवऱ्यांच्या आगीत ते हेड अंधुक लाल होईपर्यंत तापवलं, मग झाळ लावली. असं सुंदर काम मी पुन्हा पाहिलं नाही. सांधा मुंग्यांच्या रांगेसारखा एकसारखा उतरला होता. लगेच त्यांनी ते हेड राखेत आणि चुन्यात पुरलं. बीड आपसूक, हळूहळू निवायला हवं. घाईने निवलं की ते आतून ओढ घेतं आणि फुटतं. मला त्यांनी हे दोनदा समजावून सांगितलं. दवाखान्यातून बोलावणं आलेलं होतं, एक बाळंतीण अडली होती. जाताना गोठ्याची किल्ली माझ्या हातात दिली. "उद्या सांजेपावतर कोनी हात लावायचा नाई, मास्तर. मालक येवो का मालकाचा बाप."

दुपारी बागायतदाराचा कारभारी आला. सोबत कापसाच्या जिनातला एक मिस्त्री होता. "बाईमाणसानं काय करून ठेवलं ते पाहतो जरा," कारभारी म्हणाला. मी म्हणालो, आत्ता उघडता येणार नाही. तो हसला आणि मालकांची तब्येत कशी आहे, ते आमच्या शाळेच्या कमिटीवर कसे आहेत, माझी नोकरी अजून कायम व्हायची आहे ना, असं बरंच काही गोड आवाजात बोलला. मी किल्ली लावली.

मिस्त्रीने फावड्याने राख ओढली. हेड हाताला चटके देत होतं, म्हणून त्याने बाजूच्या बादलीतलं पाणी त्यावर ओतलं. वाफ उठली आणि टण् असा आवाज झाला. सांधा जागचा हलला नव्हता. त्याच्या शेजारून नवी भेग आरपार गेली होती.

"पाहिलं?" कारभारी म्हणाला. "बाईचं काम!"

बाई संध्याकाळी परतल्या. बाळंतीण सुटली होती, त्या थकल्या होत्या. गोठ्यात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मग आमच्या दारात उभ्या राहिल्या.

"कुलूप कोनं उघडलं?"

"मी."

"काहून?"

"कारभारी आले होते..."

"ते आले होते. कुलूप तुमी उघडलं."

आवाज चढलेला नव्हता. त्यांचा चढलेला आवाज मी रोज ऐकत होतो. हा पहिल्यांदाच ऐकला.

आठवड्यानंतर तुळशीराम आला. अंगणात उभा राहून ओरडायला लागला. "नाई जमत होतं तं कायले घेतलं हातात? माह्या वाफ्यातलं एक झाड नाई राह्यलं, बाई! लेकरायले काय घालू?" गल्ली गोळा झाली. बाई ओट्यावर उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं, "मी राखेत ठेवलं होतं. कोनं काढलं ते इचार." आणि माझ्याकडे पाहिलं. तुळशीरामनेही पाहिलं. सगळ्या गल्लीने पाहिलं.

मी खाली पाहिलं. आणि मग घरात गेलो. आत बायको उभी होती. मला पाहून ती परसात निघून गेली.

त्या वर्षी बाग वाळली. माझी नोकरी कायम झाली. बाईंकडे दुरुस्तीला कोणी येईना आणि वर्ष संपायच्या आत त्यांची बदली अकोल्याला झाली. गाडीत सामान चढवत होत्या तेव्हा मी पुढे होऊन पिंप उचललं. "ठेवा खाली," त्या म्हणाल्या. मी ठेवलं.

दोन वर्षांनी मी दुसऱ्या शाळेत गेलो. तिथल्या कमिटीवर तो बागायतदार नव्हता. आता मला कोणाची भीती उरली नाही, आणि नेमकं तेव्हाच मला खरं बोलावंसं वाटू लागलं. स्वतःची इतकी किळस मला आधी कधी आली नव्हती. अकोल्याला गेलो, पत्ता काढला. परसात पुन्हा पिंप होतं, पुन्हा तोच लसणीचा वास. बाई एका सायकलीच्या सांगाड्यावर वाकल्या होत्या. मी उभ्या-उभ्याच सगळं बोललो. चूक माझी होती, त्या दिवशी बोलायला हवं होतं, माफ करा.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आता बोलून राहिले! तवा तोंडात काय डाख ओतला होता? अन् हे मले कायले सांगता, मास्तर? मले ठावूकच होतं. ज्याले ठावूक नाई त्याले सांगा."

त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. पाणी मात्र दिलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी मोर्शीला गेलो. तुळशीराम टोपली मांडून बसला होता, भोवती गिऱ्हाइकं होती. मी सर्वांसमोर मोठ्याने सांगितलं की ते हेड बाईंच्या हातून फुटलं नव्हतं. कुलूप मी उघडलं, कारभाऱ्याच्या मिस्त्रीने त्यावर पाणी ओतलं आणि मी घाबरून तोंड मिटलं. कोणीतरी हसलं. तुळशीराम हसला नाही. हातातली वांगी त्याने टोपलीत परत ठेवली.

"दोन वर्सं मी त्या बाईले शिव्या देल्ल्या, मास्तर," तो म्हणाला. "माह्या लेकीची बाळंतपणाची पहिली खेप त्याच बाईनं सोडवली होती. दुसऱ्या खेपेले मी लेकीले बाईकडं जाऊ नाई देल्लं."

पुढे काय झालं ते त्याने सांगितलं नाही आणि मला विचारायचा धीर झाला नाही. त्याने टोपली उचलली आणि बाजार अर्ध्यावर टाकून तो निघून गेला.

घरी येऊन मी बाईंना कार्ड लिहिलं. एकच ओळ लिहिली, की मोर्शीच्या बाजारात तुळशीरामला सर्वांसमोर सांगितलं. त्याच्या लेकीबद्दल लिहायला हात धजला नाही. पंधरा दिवसांनी उत्तराचं कार्ड आलं. अक्षर ठसठशीत, दवाखान्याच्या कागदावर लिहितात तसं. खाली सही नव्हती.

"बरं केलं. तुळशीराम येऊन गेला. लेक गेली त्याची."