कन्या राशीची काच

विल्मा टटल माझ्या हाताखाली आली तेव्हा कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनात अजून संत्र्यांच्या बागा होत्या. डोंगरावरच्या दुर्बिणीतून आकाशाचा निगेटिव्ह फोटो उतरलेली काच खालून उजेड येणाऱ्या टेबलावर ठेवायची, भिंग लावायचं आणि एकेक काळा ठिपका कुठल्या जातीची दीर्घिका ते ठरवायचं, हे आमचं काम. लंबगोल, सर्पिल, की धड कशातच न बसणारी. मग कोण कोणाच्या घोळक्यातली ते पाहायचं. विल्मा यात तरबेज होती आणि तितकीच जळकुटी.

कन्या राशीतला मोठा घोळका तिला कित्येक वर्षांपासून हवा होता. प्रोफेसर हॅल्वर्सननी तो नव्यानेच आलेल्या कोरिनला दिला आणि विल्माचा जळफळाट सुरू झाला.

"गोड हसते ना ती," विल्मा मला म्हणाली. "मीही हसले असते, पण मला कामं असतात."

त्यानंतर ती कोरिनच्या टेबलामागून उगाचच ये-जा करत राहिली. एका सकाळी थबकली. काचेची चकचकीत बाजू वर होती. फोटोच्या लेपाची बाजू खाली गेली की आकाश आरशातल्यासारखं दिसतं आणि उजवीकडे वळणाऱ्या सर्पिल दीर्घिका डावीकडे वळू लागतात. कोरिन सगळी वळणं उलटी लिहीत होती.

विल्मा तशीच पुढे निघून गेली. जेवायला सगळे जमल्यावर तिने तोंड उघडलं.

"प्रोफेसर, आपल्या कोरिनबाईंचं विश्व उलटं फिरतंय बरं का. काच पालथी ठेवलीय त्यांनी."

टेबलभर हशा पिकला. कोरिनने अर्धं सँडविच कागदात गुंडाळून ठेवलं.

"सरळ करून पुन्हा बघ, पोरी," प्रोफेसर म्हणाले. "कन्या तुझ्याकडेच राहील."

विल्माचा चेहरा पडला. मला तिची कीव यायला हवी होती, पण राग आला. मी तिला जिन्याशी गाठलं.

"पहिल्या वर्षी तुझ्या किती काचा मी गुपचूप सरळ केल्या, माहितेय? कुणाला कळू दिलं का मी?"

तिने कठडा धरला. मग हळूच म्हणाली, "आणि हिच्या किती केल्यास?"

खोटं बोलायला हवं होतं, पण सुचलं नाही.

"एकही नाही," मी म्हणाले. "ती आज पहिल्यांदाच चुकली."