बासष्ट फोनांची वहिनी

माझी वहिनी दिवसभर खुर्चीतून उठत नाही आणि तरी बासष्ट माणसांच्या खिशात हात घालते. हे मी एकदा पाहुण्यांसमोर बोलले, तर दादाने डोळे वटारून मला गप्प केलं. पण खोटं काय आहे त्यात? आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. बासष्ट मेकॅनिक शहरभर फिरतात आणि प्रत्येकाकडे कंपनीचा फोन असतो. तक्रार त्या फोनवर जाते, लिफ्टचे नकाशे त्या फोनवर, काम झाल्याची सही त्याच फोनवर. फोन बसला की मेकॅनिक बसला. मग वहिनी ब्राउझरमध्ये त्याची ओळ शोधते आणि टेबलावरूनच तो फोन उठवते.

मी तिच्या शेजारच्या टेबलावर तक्रारी घेते. लिफ्ट अडकली की लोकांच्या शिव्या आधी मी खाते, म्हणून माझ्या जिभेला धार आहे. वहिनीच्या जिभेला अजिबात नाही. ती आवाज चढवतच नाही, आणि त्याचाच मला राग येतो.

ती मुळात पत्रं टाइप करायला लागली होती. चार वर्षांपूर्वी फोनची खोकी आली, कुणालाच ती नको होती, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "वहिनी, तुम्ही बघा जरा." ऑफिसात मी तिला वहिनी म्हणते म्हणून सगळेच वहिनी म्हणतात. ते 'जरा' चार वर्षं चाललंय.

तिच्या पडद्यावर बासष्ट ओळी. फोन ठीक असेल तर हिरवा ठिपका, नसेल तर लाल. कंपनीने प्रत्येक फोनला लांबलचक क्रमांक दिला होता. हिने ते पुसून नावं टाकली. एक 'घाई'. एक 'उद्या करतो'. एक 'ऐकूच आलं नाही'. आणि एक 'मामा', म्हणजे आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक, जे लिफ्टची मोटर नुसत्या आवाजावरून ओळखतात आणि फोनला मात्र विंचवासारखे घाबरतात.

"मामा, उजवीकडचं बटण दाबा."

"कुणाच्या उजवीकडचं?"

"तुमच्या."

"फोनकडे तोंड करून की पाठ करून?"

मी असते तर फोन आपटला असता. वहिनी म्हणते, "मामा, तुम्ही काही करू नका. फक्त फोन हातात धरा आणि श्वास घ्या. मी रिमोटवर घेते." मग मामांच्या फोनवर प्रश्न उमटतो, पडदा ऑफिसला दाखवायचा का? मामा न वाचता 'हो' दाबतात. ते सगळ्यालाच 'हो' दाबतात, त्यामुळे तर फोन बिघडतो.

एकदा त्यांनी असाच 'हो' दाबला आणि पडद्यावर काय दिसलं? पत्ते! गडी गच्चीवरच्या मोटरच्या खोलीत बसून ऐन कामाच्या वेळी पत्ते कुटत होता, आणि मघाशी मला सांगितलेलं की फोन मेलाय म्हणून तक्रार बंद करता येत नाही. मी म्हटलं, आता सापडला. वहिनीने शांतपणे त्यांच्या पडद्यावर संदेश पाठवला, 'मामा, चौकटचा गुलाम आधी टाका, डाव सुटेल. मग तक्रार बंद करा.' पाच मिनिटांत तक्रार बंद झाली. त्यानंतर आठवडाभर मामा फोन रुमालात गुंडाळून फिरत होते. वहिनीने मात्र हे कुणालाही सांगितलं नाही. "लोक पडदा दाखवतात ते विश्वासाने. तो काय चुगल्या करायला?" असं तिचं म्हणणं. चुगल्या करायला मी आहे, म्हणून तुम्हाला कळलं.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना नवे साहेब आले. आल्या आल्या त्यांनी पंखे कमी केले, चहाचे कप लहान केले, आणि सगळ्यांनी मिळून त्यांचं नाव ठेवलं कपातसाहेब. एका शनिवारी ते वहिनीच्या मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर बासष्ट हिरवे ठिपके, आणि साहेबांनी स्वतःसाठी घेतलेल्या कंपनीच्या फोनचा त्रेसष्टावा.

"सगळं ठीक दिसतंय," साहेब म्हणाले.

"हो," वहिनी म्हणाली. कौतुकच आहे असं वाटलं बिचारीला.

"मग तुम्ही दिवसभर करता काय?"

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. पण मी बोलायच्या आत साहेबांनी फर्मान काढलं: वहिनीची रजा साठली आहे, तिने सोमवार ते शुक्रवार घरी बसायचं. त्या आठवड्यात फोनची एकही तक्रार त्यांच्याकडे आली नाही, तर ही जागा बंद.

घरी आल्यावर वहिनी भांडी घासता घासता रडली. दादाचं काम तेव्हा दीड महिन्यापासून सुटलेलं होतं. घर तिच्या नोकरीवर आणि माझ्या तुटपुंज्या पगारावर चाललेलं. ती जागा गेली तर काय, हे आम्ही तिघंही मोठ्याने बोलत नव्हतो.

पण मला आतून उकळ्या फुटत होत्या. "अगं वेडे, ही तर लॉटरी आहे! पाच दिवस हात लावू नकोस. सोमवारी दुपारपर्यंत निम्मे फोन बसतील, मंगळवारी साहेब स्वतः गाडी घेऊन दारात. तू फक्त झोप काढ."

"बरं, वन्सं," ती म्हणाली. मी तिचा हात माझ्या डोक्यावर ठेवून तिच्याकडून शपथ घेतली.

सोमवारी मी अगदी नटूनथटून ऑफिसात गेले. बोंबाबोंब बघायला जायचं तर माणसाने नीट दिसावं. नऊ वाजले, दहा वाजले. बारा वाजता 'उद्या करतो'चा फोन बसल्याचं कानावर आलं. म्हटलं, चला, सुरुवात झाली. साडेबाराला 'उद्या करतो'ने तीन कामं संपवल्याची नोंद! मंगळवारी तर कमालच. मामांनी, आमच्या मामांनी, पाच सह्या न चुकता पाठवल्या. कपातसाहेब माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "काय? चाललंय ना सगळं?" मी हसले. आतून नुसती जळत होते.

बुधवारी मी चष्मा घरी विसरले म्हणून दुपारच्या सुट्टीत परत आले. स्वयंपाकघरातून आवाज येत होता, "मामा, श्वास घ्या. मी रिमोटवर घेते."

ओट्यावर दादाचा जुना लॅपटॉप, एका बाजूला चिरलेली भाजी, आणि वहिनीच्या कानाला खांद्याने दाबून धरलेला फोन. मी दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

"माझ्या डोक्यावर हात ठेवला होतास ना? मी मेले तर?"

"वन्सं, चिडू नका हो."

"चिडू नको? तू स्वतःच्या पायावर धोंडा पाडतेयस, आणि तोही लॅपटॉप लावून!"

"सोमवारी 'घाई'चा फोन बसला, तेव्हा लिफ्टमध्ये दोन म्हातारी माणसं अडकली होती," वहिनी म्हणाली. "त्याला दार उघडायची पद्धत फोनवर बघायची होती. मी काय त्याला सांगू, थांब रे, मला आधी साहेबांना धडा शिकवू दे?"

यावर मी काय बोलणार? मी बोललेच म्हणा, पुष्कळ बोलले, पण त्यात अर्थ नव्हता. "बरं, अडकलेल्यांचं समजू शकते. पण बाकीचे?"

"एकदा उघडून बसलं की मग दुसरा लाल ठिपका दिसतोच ना," असं म्हणून तिने भाजी ढवळली.

मी चष्मा घेतला आणि दार आपटून निघाले. भांडायला ही बाई जन्मात शिकणार नाही, या विचाराने मला बसमध्ये खरंच रडू आलं.

शुक्रवारी चार वाजता साहेबांनी वहिनीला ऑफिसात बोलावलं. तिच्या हातात एक पत्र ठेवलं: तक्रारी शून्य, सबब जागा सोमवारपासून बंद. वहिनीने पत्र वाचलं, घडी घातली. चेहरा पांढरा पडला होता.

"आता सगळं मला शिकवा," साहेब तिच्या खुर्चीत बसत म्हणाले. "बटणंच तर दाबायची आहेत."

आणि ही शिकवायला बसली! इथे दाबा, तिथे दाबा. साहेब मुख्य ॲडमिन झाले. आत शिरताना लागणारा आकडा यापुढे त्यांच्याच फोनवर येणार, हेही तिने जुळवून दिलं. मग पडद्यावर दहा आकडे आले. वहिनी म्हणाली, "हे अडीअडचणीसाठी आहेत. फोन हाताशी नसला की यातला एक टाकून आत जाता येतं, प्रत्येक एकदाच चालतो. छापून घ्या."

"कशाला कागद वाया घालवायचा?" साहेब म्हणाले.

वहिनीला अर्धवट काम बघवत नाही. तिने पर्समधून पेन काढलं, हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून त्या पत्राच्याच पाठीवर दहाही आकडे उतरवले आणि पत्र पर्समध्ये टाकलं. साहेबांनी लगेच तिचं नाव यंत्रणेतून काढून टाकलं. ते बटण मात्र त्यांना पहिल्या फटक्यात सापडलं.

मग त्यांनी हौसेने 'या आठवड्यातील कामे' हे पान उघडलं. रिकामं असणार ते, मला दाखवायचं असणार त्यांना. पान खाली सरकवतायत, सरकवतायत, संपेचना. दोनशे चौदा कामं, आणि प्रत्येकापुढे वहिनीचं नाव.

"रजेवर असताना कंपनीच्या यंत्रणेत शिरलात?" साहेब ताडकन उठले. "हा नियमभंग आहे! यासाठी तर मी तुम्हाला..."

आता मला राहवेना. "साहेब, एकदा काय ते ठरवा. काम नव्हतं म्हणून काढताय, की काम केलं म्हणून?"

मी त्यांना बाजूला सारून पान मोठ्याने वाचायला घेतलं. वहिनी प्रत्येक कामापुढे टीप लिहिते, तिची सवय. "सोमवार, सकाळी पावणेनऊ. साहेबांचा फोन. हरवला. वाजवला. सोफ्याच्या फटीत सापडला. सोमवार, रात्री नऊ. साहेबांचा फोन. अक्षरं एवढी मोठी झाली की पडद्यावर एकच शब्द मावतो. लहान केली. मंगळवार. पुन्हा सोफा. बुधवार..."

"मी कधीच तुम्हाला फोन केला नाही!" साहेब वहिनीवर ओरडले.

"तुम्ही नाही," वहिनी हळूच म्हणाली. "बाईसाहेब करायच्या. म्हणायच्या, यांना सांगू नका, यांना वाटतं फोन आपोआप बरा होतो."

मी इतकी हसले की मला खुर्ची धरावी लागली. साहेब लालबुंद झाले. "बंद करा ते!" म्हणत त्यांनीच माउस ओढला आणि 'बाहेर पडा' दाबलं. पडदा कोरा. मग बायकोला जाब विचारायला खिशातून फोन काढला. फोन उघडायचा आकडा रागारागाने दाबला. आकडा चुकला. पुन्हा चुकला. पाचव्यांदा चुकला आणि फोन काळा पडला: 'ॲडमिनने उघडेपर्यंत बंद.' हा पाच वेळांचा नियम त्यांचाच, महिन्यापूर्वी सहीनिशी काढलेला.

"मी ॲडमिन आहे," साहेब फोनला म्हणाले. मग वळून ब्राउझरमध्ये शिरायला गेले. ब्राउझरने आकडा मागितला. आकडा त्यांच्या फोनवर आला असणार. तो दिसणार कसा?

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. पाच वाजता त्याच फोनवर मालकांचा फोन येणार होता, हे सकाळपासून ते सगळ्यांना सांगत होते. पाचला बारा मिनिटं कमी होती.

"तुम्ही उघडा," ते वहिनीला म्हणाले.

"मला कुठे आत जाता येतं आता? तुम्हीच काढलंत."

"ते दहा आकडे! तुम्ही उतरवलेत ना? कुठे आहेत?"

वहिनीचा हात सवयीने पर्सकडे गेला. मी डोळे मिटून घेतले. देणार ही, आत्ता देणार. पण पर्सची चेन वाजली नाही म्हणून डोळे उघडले, तर तिने पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

"त्या पत्रावर आहेत, साहेब," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "ते पत्र माझं आहे. तुम्हीच दिलंत. परत घेत असाल तर देते."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. त्यांनी पुन्हा घड्याळ बघितलं, हात पुढे केला. वहिनीने पत्र काढलं, लिहिलेली बाजू तळहाताखाली झाकून टेबलावर ठेवलं आणि पेन त्यांच्यासमोर सरकवलं. साहेबांनी दात आवळून पत्रावर आडवी रेघ मारली, 'रद्द' असं लिहिलं, खाली सही केली आणि तारीख टाकली. मी साक्षीदार म्हणून माझीही सही ठोकून दिली, कुणी मागितली नव्हती तरी.

वहिनीने पत्र उचललं, फक्त स्वतःला दिसेल असं धरलं आणि साहेबांना पहिला आकडा वाचून दाखवला. उरलेल्या नऊंसकट पत्राची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि मला म्हणाली, "वन्सं, चला. माझी रजा अजून एक तास आहे."