चार सिलेंडरचा माज

ट्रॅक्टरला तीन सिलेंडर बरं का चार, हा वाद आमच्या उमरीकडं टपरीवर सुरू झाला की बशीतला चहा थंड होतो. माझं मत ठाम होतं, अन् मोठ्या आवाजात होतं. चार सिलेंडरचं इंजिन कसं एकसारखं चालतं, थरथर कमी, उसाची ट्रॉली घेऊन चढावर निघालं तरी दम लागत नाही. चुलतभावाचं ट्रॅक्टर तीन सिलेंडरचं. मी त्याला फटफटी म्हणायचो. तो शांत माणूस. म्हणायचा, "दादा, डिझेल कमी पितं, अंगानं हलकं हाय. मला वावरातच फिरवायचंय." ते ऐकूनच मला राग यायचा. हलकं असणं हा काय गुण झाला व्हय?

यंदा पावसानं सोयाबीनचं वाटोळं केलं. वहिनींच्या, म्हणजे माझ्या वारलेल्या थोरल्या भावाच्या बायकोच्या, हातात फक्त हरभऱ्याची आशा उरली. त्यांच्या रानाची पेरणी मीच करतो. बियाण्याची पहिली मूठ थोरल्या सुनेनं धरायची, ही आमच्या घरची रीत. तिफण गेली, ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र आलं, तरी वहिनी पेटीत मूठ टाकतात अन् मगच मी ट्रॅक्टर हलवतो.

पाऊस नुकताच उघडला होता. चुलतभावानं वावरातली माती मुठीत दाबून दाखवली. तिचा गोळा झाला, फुटेचना. "वाफसा आला न्हाई दादा. माती जरा सुकू दे, दोन दिस दम धर." वहिनीही म्हणाल्या, "भावजी, घाई नका करू." पण बांधावर शेजारपाजारचे लोक उभे होते, अन् त्यांच्यासमोर मला कोण शिकवतो! मी म्हणालो, "वाफसा तुझ्या फटफटीला लागतो. चार सिलेंडरला काय करायचाय?"

वहिनींनी मूठ टाकली. काळी माती ती, तिला सिलेंडर मोजता येतात व्हय! पेरणीच्या पहिल्याच ओळीला मागची चाकं गरगरली. गप उतरायचं सोडून मी आणखी रेस दिली. जेवढा जोर लावला तेवढं ते जड धूड खाली जात राहिलं. बूड टेकलं तेव्हा कुठं इंजिन बंद केलं.

चुलतभावानं गाडीवाटेच्या टणक जमिनीवर आपलं ट्रॅक्टर लावून लांब वायररोप बांधला. लोकांनी चिखल उकरला, चाकाखाली बाभळीच्या फांद्या घातल्या. ओढून काढलं बिचाऱ्यानं. एक टोमणा मारला नाही. मारला असता तर मला भांडता तरी आलं असतं. मागं बघितलं तर वावराच्या ऐन चांगल्या पट्ट्यात गुडघ्याएवढ्या चाकोऱ्या, अन् दोन्ही अंगाला चिखलाचे लादे. ऊन लागलं की त्यांच्या विटा होणार. त्या पट्ट्यात यंदा हरभरा होत नाही, हे तिथं सगळ्यांना दिसत होतं.

तेवढ्यात गावातून एक म्हातारा आला. बघून म्हणाला, "हा शहाणपणा कोणाचा रं?"

मी वाकून चाकाचा चिखल खरवडायला लागलो.

वहिनींनी पदर सावरला. "माहाच, मामा. भावजी नको म्हणत होते. मीच लई घाई केली."

बांधावरच्या सगळ्यांनी सकाळचं माझं बोलणं ऐकलं होतं. आता सगळे माझ्याकडं बघून राहिले होते.

मी म्हणालो, "हाव. वहिनी ऐकतच नव्हत्या."